मायक्रोकंट्रोलरचे पहिले पुस्तक कसे निवडावे: सोलापूरच्या नवशिक्या वाचकासाठी

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरणे चालवणारा एका चिपमधील छोटा संगणक, शिकू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणते पुस्तक घेऊ?’ हा, आणि त्याला मिळणारे उत्तर विचारणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्यावर अधिक अवलंबून असते. तंत्रनिकेतनातील सर आपल्या काळी अभ्यासक्रमाला असलेले पुस्तक सुचवतात, वरच्या वर्गातला मित्र स्वतःकडे पडून असलेले देतो आणि दुकानदार शिल्लक असलेले पुढे करतो. यांपैकी कोणाचाच हेतू वाईट नसतो. परंतु हातात ८०५१ या जुन्या चिपची असेंब्ली भाषा (चिपच्या थेट आज्ञांची भाषा) शिकवणारे पुस्तक आणि टेबलावर ईएसपी३२ या वेगळ्याच, नव्या चिपचा बोर्ड अशी जोडी जमली, की थोड्याच दिवसांत दोन्ही वस्तू कपाटात जातात. पुस्तकाचा प्रश्न खरे तर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी काम ठरवावे लागते, कामावरून चिप ठरते, आणि चिप ठरली की पुस्तकांची गर्दी आपोआप निम्म्याहून कमी होते. सोलापुरात राहून, येथे मिळणाऱ्या साधनांवर हे सर्व कसे करावे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: काम एका वाक्यात लिहून काढा

मायक्रोकंट्रोलरकडून आपल्याला नेमके काय करवून घ्यायचे आहे, ते पुस्तक शोधण्याआधी कागदावर लिहावे. ‘एम्बेडेड शिकायचे आहे’ हे वाक्य त्यासाठी पुरेसे नाही. ‘मागावर पडणारे बाणे, म्हणजे कापडातील आडवे धागे, मोजून आकडा दाखवायचा आहे’ हे पुरेसे आहे.

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात या विषयाकडे वळणारे लोक साधारणपणे चार प्रकारचे असतात. पहिला प्रकार पदविकेच्या किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा, ज्याच्यासमोर सत्र परीक्षा उभी असते. दुसरा यंत्रमागाशी, टॉवेल किंवा चादरीच्या कारखान्याशी नाते असलेल्या घरातील तरुणाचा. त्याला बाणे मोजायचे असतात किंवा ताण्याचा (उभा) धागा तुटताच दिवा लावायचा असतो. तिसरा ऊस किंवा डाळिंब करणाऱ्या घरातील मुलाचा. त्याला मातीतील ओलावा किंवा टाकीतील पाण्याची पातळी मोबाइलवर पाहायची असते. चौथा निव्वळ हौसेने शिकणारा, आणि त्याला निवडीची मोकळीक सर्वांत जास्त.

या चौघांना एकच पुस्तक सुचवणारा सल्लागार त्यांपैकी किमान तिघांना चुकीचा सल्ला देत असतो. परीक्षार्थीला रजिस्टरांची (चिपमधील छोट्या नियंत्रण-कप्प्यांची) नावे आणि त्यांतील एकेक बिट पाठ हवा. मागवाल्याला इंटरप्ट (घटना घडताच चालू काम थांबवून चिपने तिच्याकडे वळणे) आणि टायमर यांची प्रकरणे हवीत. शेतकरी घरातील मुलाला वायफाय आणि अ‍ॅनालॉग मोजमाप ही दोन प्रकरणे नीट लिहिलेली हवीत, कारण बाकी सगळे त्याच्या कामात दुय्यम ठरते.

दुसरी पायरी: कामावरून चिप ठरवा

८०५१ ही चिप इंटेलने १९८० मध्ये बाजारात आणली. मूळ चिपमध्ये ४ किलोबाइट प्रोग्रॅम मेमरी, १२८ बाइट रॅम, ३२ इनपुट-आउटपुट पिना, दोन टायमर आणि एक सिरियल पोर्ट (माहिती एकेक बिटाने पाठवण्याची सोय) एवढेच होते. इतक्या जुन्या चिपवर अभ्यासक्रम का अडून बसले आहेत, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो आणि तो रास्तही आहे. पण या लहानपणातच तिचा गुण आहे, कारण संपूर्ण चिप एका सत्रात डोक्यात मावते. ज्याच्या अभ्यासक्रमात ती आहे त्याने ८०५१ चे पाठ्यपुस्तक घ्यावेच. ज्याच्या अभ्यासक्रमात ती नाही, त्याने मात्र केवळ ‘पाया पक्का होतो’ या ऐकीव कारणासाठी तिच्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही.

आर्डुइनो हा प्रकल्प २००५ मध्ये इटलीतील इव्रिया येथे सुरू झाला आणि त्यातील उनो हा बोर्ड २०१० मध्ये आला. त्यावरील एटीमेगा३२८पी या चिपचा वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅम मेमरी ३२ किलोबाइट आणि रॅम २ किलोबाइट आहे. बोर्डावर १४ डिजिटल पिना आणि ६ अ‍ॅनालॉग इनपुट मिळतात. त्याची रचना खुली असल्यामुळे इतर उत्पादकांनी बनवलेले स्वस्त बोर्ड सहज मिळतात आणि पुस्तकातील प्रयोग त्यांवर जसेच्या तसे चालतात. मागवाल्यासाठी आणि हौशी वाचकासाठी पहिला बोर्ड म्हणून अजूनही उनोच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो ५ व्होल्टवर चालतो, हाताळणीतील लहानसहान चुका बऱ्यापैकी सोसतो, आणि त्याच्यावरील पुस्तके विपुल आहेत.

मोबाइलवर आकडे पाहायचे असतील तर एस्प्रेसिफ कंपनीची २०१६ मध्ये आलेली ईएसपी३२ ही चिप घ्यावी, कारण वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही तिच्यातच असतात. वायफाय लागणारच हे निश्चित असेल तर आधी उनो आणि मग ईएसपी३२ असा वळसा घेण्याचे कारण नाही. मात्र पुस्तक पहिल्या पानापासून ईएसपी३२ चेच असावे. शेवटच्या प्रकरणात ईएसपी३२ ची दहा पाने जोडलेले उनोचे पुस्तक या कामाला पुरत नाही.

रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यात २६४ किलोबाइट रॅम असून तो मायक्रोपायथन भाषेत सहज वापरता येतो, त्यामुळे शाळेत पायथन शिकलेल्या मुलांना तो सोपा जातो. पिक आणि एसटीएम३२ या चिपकुळांची पुस्तके पहिल्या खरेदीत बाजूलाच ठेवावीत; नोकरीच्या ठिकाणी ती लागली तर तेव्हा शिकता येतात.

परीक्षार्थी विद्यार्थ्याला येथे एक वेगळी सूचना करावीशी वाटते. परीक्षेचे ८०५१ आणि आवडीचे आर्डुइनो एकाच पुस्तकातून साधण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही विषय एकत्र कोंबलेली पुस्तके मिळतात, पण त्यांत कोणताच विषय धड होत नाही. पाठ्यपुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून घ्यावे आणि पैसे दुसऱ्या पुस्तकावर खर्च करावेत. गेल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची उत्तरे छापलेली जी गाइडे मिळतात, ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यापुरती ठीक आहेत. त्यांतून प्रोग्रॅम लिहिता येत नाही.

तिसरी पायरी: सी भाषेची आपली तयारी तपासा

मायक्रोपायथनचा अपवाद सोडला तर वरील बहुतेक पुस्तकांची भाषा सी किंवा सीसारखी असते. आपल्याला सी अजिबात येत नसेल तर ‘वाचकाला सी येते असे गृहीत धरले आहे’ हे वाक्य प्रस्तावनेत असलेले पुस्तक घेऊ नये, कितीही नावाजलेले असले तरी. उलट, महाविद्यालयात सी शिकलेल्या विद्यार्थ्यानेही फार निर्धास्त राहू नये. वर्गात शिकवलेल्या सीमध्ये एकेका बिटावर काम करणारी चिन्हे घाईघाईत उरकली जातात, आणि मायक्रोकंट्रोलरचा निम्मा कारभार त्यांवरच चालतो. आठ बिटांपैकी पाचवा बिट एक करणे, तोच शून्य करणे, उलटणे आणि तो सध्या काय आहे हे पाहणे, या चार क्रिया आकृतीसह समजावणारे प्रकरण पुस्तकात आहे का, ते पाहावे.

भाषेचा दुसरा प्रश्न इंग्रजीचा. मराठीत या विषयावरील निवड मर्यादित असल्यामुळे बहुतेकांना इंग्रजी पुस्तकच घ्यावे लागते, आणि सोलापुरातील वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुले शेजारी शेजारी बसत असल्याने ही अडचण सर्वांचीच असते. पुस्तकाच्या मध्यावरील कोणताही एक परिच्छेद वाचावा आणि तो शेजाऱ्याला आपल्या बोलीत सांगून पाहावा. दोनदा वाचूनही सांगता येत नसेल तर ते पुस्तक चांगले असूनही आपल्यासाठी आत्ता नाही, असे समजावे.

चौथी पायरी: पुस्तकाचे वय पाहा

शीर्षकपानाच्या मागील बाजूस आवृत्तीचे साल आणि पुनर्मुद्रणाचे साल अशी दोन वेगवेगळी साले असतात. दुकानात ‘यंदाचेच आहे’ असे सांगितले जाते तेव्हा बहुधा पुनर्मुद्रणाचे साल दाखवलेले असते. आपल्याला आवृत्तीचे साल हवे, कारण मजकूर त्या वेळचा असतो.

जुने पुस्तक वाईटच, असा सरसकट नियम मात्र करता येत नाही. ८०५१ ची अंतर्गत रचना बदललेली नसल्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील टायमरचे प्रकरण आजही खरे आहे; जुनी झालेली असतात ती साधने. संगणकाच्या समांतर पोर्टला जोडायचा प्रोग्रॅमर (चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारे उपकरण) त्यात वर्णिलेला असेल, तर तो पोर्टच आजच्या लॅपटॉपवर नसतो. पुस्तकातील प्रोग्रॅम कोणत्या कंपायलरसाठी (प्रोग्रॅम चिपच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) लिहिलेले आहेत, हेही पाहावे लागते. भारतीय महाविद्यालयांत रूढ असलेल्या काइल या कंपायलरच्या मोफत प्रतीत २ किलोबाइटहून मोठा प्रोग्रॅम तयार करता येत नाही. ही मर्यादा नको म्हणून मोफत मिळणारा एसडीसीसी हा कंपायलर घेतला, तर पोर्टच्या एका पिनेला नाव देण्याची काइलची पद्धत त्याला कळत नाही आणि पुस्तकातील पहिलाच प्रोग्रॅम चुका दाखवू लागतो.

उनोचे दहा वर्षांपूर्वीचे पुस्तकही चांगले चालते, पण बोर्ड जुन्या, म्हणजे आर३ या प्रकारचा असेल तरच. २०२३ मध्ये आलेल्या उनो आर४ मध्ये एटीमेगा चिप नाही. रेनेसास कंपनीची वेगळ्याच कुळातील चिप आहे. आर्डुइनोच्या नेहमीच्या आज्ञा त्यावर चालतात, पण पोर्टबी, डीडीआरबी अशी रजिस्टरे थेट वापरणारी प्रकरणे चालत नाहीत. रजिस्टरे शिकवणारे पुस्तक आणि आर४ बोर्ड ही खरेदी एकत्र करू नये.

ईएसपी३२ च्या बाबतीत साल सर्वांत महत्त्वाचे आहे. आर्डुइनो प्रणालीतून ईएसपी३२ वापरण्यासाठी जो आज्ञासंच लागतो, त्याची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तीत दिव्याची प्रखरता किंवा मोटरचा वेग कमी-जास्त करण्याच्या काही जुन्या आज्ञा काढून टाकण्यात आल्या. त्यापूर्वीच्या पुस्तकातील ती उदाहरणे नव्या आवृत्तीत कंपाइलच होत नाहीत. जुने पुस्तक हाती आलेच तर दोन मार्ग आहेत: आर्डुइनो सॉफ्टवेअरमधील बोर्ड मॅनेजरमधून आज्ञासंचाची जुनी आवृत्ती निवडणे, किंवा नव्या आज्ञा शोधून पुस्तकाच्या समासात लिहून ठेवणे. नवशिक्याने पहिला मार्ग धरावा.

पिकोचीही अशीच एक गंमत आहे. मूळ पिकोवर बोर्डावरील दिवा २५ क्रमांकाच्या पिनेवर आहे, तर वायफाय असलेल्या पिको डब्ल्यूवर तो वायफायच्या चिपला जोडलेला आहे. पुस्तक मूळ पिकोचे आणि बोर्ड डब्ल्यू असेल तर पहिल्याच धड्यातला दिवा लागत नाही, आणि विद्यार्थी बोर्ड बिघडला असे समजून तो परत करायला निघतो.

पाचवी पायरी: विकत घेण्यापूर्वी काही पाने वाचा

अनुक्रमणिका सगळ्याच पुस्तकांची आकर्षक असते, म्हणून तिच्यावरून निर्णय करू नये. खाली सांगितलेली पाने उघडून पाहिली तर लेखकाला विषय कळला आहे का आणि तो नवशिक्याला सांगता येतो का, या दोन्हींचा अंदाज येतो.

सर्वप्रथम दिवा लुकलुकवण्याचे उदाहरण काढावे. उनोच्या पुस्तकात बाहेरून जोडलेल्या एलईडीसोबत रोधक दाखवलेला असला पाहिजे आणि त्याची किंमत कशी काढली तेही दिलेले असले पाहिजे: ५ व्होल्टमधून लाल एलईडीचे सुमारे २ व्होल्ट वजा केले आणि उरलेल्या ३ व्होल्टना २२० ओहमने भागले, की साधारण १३.६ मिलिअँपिअर करंट येतो, जो पिनेला झेपतो. हा हिशेब न देता ‘२२० ओहमचा रोधक जोडा’ एवढेच सांगणारे पुस्तक पुढेही असेच हुकूम सोडत जाते. ८०५१ च्या पुस्तकात याच पानावर वेगळी गोष्ट पाहावी. त्या चिपच्या पिना करंट आत ओढून घेऊ शकतात, पण बाहेर पुरवण्याची त्यांची ताकद अगदीच कमी असते. म्हणून एलईडीचे धन टोक रोधकातून पुरवठ्याला आणि ऋण टोक पिनेला जोडतात, आणि पिन शून्य केली की दिवा लागतो. आकृती उलटी असेल आणि मध्ये ट्रान्झिस्टरही नसेल, तर लेखकाने तो प्रयोग स्वतः करून पाहिला नसावा.

८०५१ च्याच पुस्तकात सिरियल पोर्टचे प्रकरण उघडून ११.०५९२ मेगाहर्ट्झ या विचित्र आकड्याचे स्पष्टीकरण शोधावे. चिपला ठोके देणाऱ्या या क्रिस्टलच्या वारंवारतेला आधी १२ ने, मग ३२ ने आणि मग ९६०० ने (सेकंदाला जाणाऱ्या बिटांच्या संख्येने) भागले की उत्तर नेमके ३ येते, आणि म्हणून ९६०० चा वेग अचूक साधतो. १२ मेगाहर्ट्झने उत्तर ३.२५५ येते आणि अक्षरे बिघडतात. चांगले पुस्तक हा भागाकार करून दाखवते, सुमार पुस्तक केवळ क्रिस्टलचा आकडा छापते.

नंतर बटणाचे उदाहरण पाहावे. बटण एकदा दाबले तरी त्याचे आतील पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात आणि चिपला ते अनेकदा दाबल्यासारखे दिसते. हा दोष आणि त्यावरचा उपाय ज्या पुस्तकात नाही, त्यातील मोजणीचे प्रत्येक उदाहरण चुकीचे आकडे देणार.

मोजणीचा विषय निघालाच आहे तर यंत्रमागाच्या उदाहरणावर थोडे थांबणे योग्य होईल, कारण पुस्तकाची खरी परीक्षा तेथेच होते. समजा, माग मिनिटाला १२० बाणे टाकतो, म्हणजे सेन्सरकडून दर अर्ध्या सेकंदाला एक पल्स येते. नवशिक्यांच्या पुष्कळ पुस्तकांत प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी ‘एक सेकंद थांब’ अशी आज्ञा घातलेली असते. त्या एका सेकंदात चिप दुसरे काहीही पाहत नाही आणि दोन बाणे मोजणीतून निसटतात. पुस्तकाच्या पहिल्या तृतीयांशात तरी न थांबता वेळ मोजण्याची पद्धत, म्हणजे मिलिसेकंदांचे घड्याळ वाचून तुलना करण्याची पद्धत आली पाहिजे. आणि हे घड्याळ सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येते, तेव्हा प्रोग्रॅम बिघडू नये म्हणून वजाबाकी कशी लिहावी, हेही आले पाहिजे.

पुढचा मुद्दा संख्येच्या प्रकाराचा. उनोवर साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची असते आणि ती ३२,७६७ पर्यंतच जाते. मिनिटाला १२० या वेगाने हा आकडा साधारण साडेचार तासांत गाठला जातो, आणि पुढच्या बाण्याला पडद्यावर उणे ३२,७६८ दिसते. म्हणजे पाळी संपण्याआधीच मोजणी कोसळते, तीही प्रोग्रॅममध्ये कोणतीही उघड चूक नसताना. तोच प्रोग्रॅम ईएसपी३२ वर घातला तर ही अडचण येत नाही, कारण तेथे ती संख्या ३२ बिटांची असते. कोणत्या प्रकारात किती मोठी संख्या मावते याचा तक्ता पुस्तकात असावा, आणि तो कोणत्या चिपसाठी आहे हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असावे.

त्यानंतर पुस्तकाच्या शेवटची सूची उघडून ‘व्होलाटाइल’ हा शब्द शोधावा. इंटरप्टमध्ये बदलणाऱ्या संख्येपुढे हा शब्द लावला नाही तर कंपायलर ती संख्या बदलतच नाही असे धरून चालण्याची शक्यता असते, आणि मोजणी थांबल्यासारखी दिसते. इंटरप्ट शिकवणाऱ्या पुस्तकात हा शब्द नसणे अक्षम्य आहे. त्याच्याही पुढे जाऊन, आठ बिटांची चिप दोन किंवा चार बाइटांची संख्या एका झटक्यात वाचू शकत नाही, म्हणून ती वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवावे लागतात, असे सांगणारे पुस्तक मिळाले तर किमतीकडे फार न पाहता ते घ्यावे.

वीज गेली तरी आकडा टिकावा अशी अपेक्षा असते, आणि त्यासाठी ईईप्रॉमचे प्रकरण लागते. एटीमेगा३२८पी मधील ईईप्रॉमच्या एका जागेवर १ लाख वेळा लिहिता येईल अशी निर्मात्याची हमी आहे. प्रत्येक बाण्याला आकडा साठवला तर ही मर्यादा १४ तासांच्या आत ओलांडली जाते. पुस्तकाने हा इशारा दिला आहे का, ते पाहावे.

शेतीच्या कामासाठी ईएसपी३२ चे पुस्तक पाहणाऱ्याने दोन गोष्टी शोधाव्यात. वायफाय चालू असताना मूळ ईएसपी३२ च्या दुसऱ्या अ‍ॅनालॉग विभागातील पिना मोजमापासाठी वापरता येत नाहीत. ओलाव्याचा सेन्सर त्यांपैकी एखाद्या पिनेवर दाखवला असेल आणि आकडे वायफायने पाठवले असतील, तर तो प्रयोग चालणार नाही. दुसरे असे की या चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. टाकीतील पातळी मोजण्यासाठी सर्रास वापरला जाणारा एचसी-एसआर०४ हा सेन्सर ५ व्होल्टचा संकेत परत पाठवतो, म्हणून मध्ये व्होल्टेज कमी करणारा दोन रोधकांचा विभाजक दाखवलेला असला पाहिजे.

शेवटी रिलेचे, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचचे, पान पाहावे. ५ व्होल्टच्या नेहमीच्या लहान रिलेच्या कॉइलचा रोध सुमारे ७० ओहम असतो, म्हणजे तिला ७० मिलिअँपिअरच्या आसपास करंट लागतो, तर उनोच्या पिनेची कमाल सीमाच ४० मिलिअँपिअर आहे. त्यामुळे मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा जोडलेला डायोड असलाच पाहिजे, किंवा हे दोन्ही आधीच बसवलेले तयार रिले मोड्यूल तरी सुचवलेले असले पाहिजे. घरातील २३० व्होल्टची वीज जोडण्याआधी पुस्तक वाचकाला थांबवून धोका समजावत नसेल, तर ते पुस्तक घरात लहान भावंडे असलेल्याने घेऊच नये. विहिरीवरील थ्री फेज मोटरच्या स्टार्टरला हात लावण्याचे काम कोणत्याही पुस्तकाच्या भरवशावर करू नये. ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

सहावी पायरी: सुट्या भागांची यादी येथील दुकानाशी ताडून पाहा

परदेशी पुस्तकांतील प्रयोग तिकडे मिळणाऱ्या संचावर बेतलेले असतात. १६ बाय २ चा एलसीडी, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, मोटर चालवणारी एल२९३डी चिप, तापमान-आर्द्रतेचा डीएचटी११ सेन्सर ही मंडळी आपल्याकडे सहज मिळतात. काही सेन्सर मिळत नाहीत आणि त्यांच्या जागी दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून दुसरे देतो. तापमानाचा टीएमपी३६ आणि आपल्याकडे रूढ असलेला एलएम३५ यांचे उदाहरण घ्यावे. दोघांचेही व्होल्टेज दर अंशाला १० मिलिव्होल्टने वाढते, दोघांच्या तीन पिनांचा क्रमही सारखाच, पण टीएमपी३६ शून्य अंशाला ५०० मिलिव्होल्ट देतो आणि एलएम३५ शून्य मिलिव्होल्ट देतो. पुस्तकातील सूत्र तसेच ठेवून एलएम३५ जोडला तर प्रत्येक तापमान ५० अंशांनी कमी दिसते, आणि मे महिन्यातील सोलापूरचे ४२ अंश पडद्यावर उणे ८ होऊन येतात. पुस्तकाच्या मागे दिलेली सुट्या भागांची यादी उतरवून दुकानात दाखवावी आणि न मिळणाऱ्या वस्तू चार-पाचांहून अधिक असतील तर दुसरे पुस्तक पाहावे.

पुस्तक प्रत्यक्ष पाहण्यासाठी आपल्या महाविद्यालयाचे ग्रंथालय हे पहिले ठिकाण आहे. विद्यार्थी नसलेल्यांनी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. तेथे या विषयाचे पुस्तक असेलच असे नाही, पण विचारायला काही लागत नाही. ज्यांचे पुण्याला जाणे होते, त्यांनी हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन अप्पा बळवंत चौकातील दुकानांत दोन-तीन पुस्तके उघडून पाहावीत आणि सुटे भागही त्याच फेरीत घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतावे. केवळ एका पुस्तकासाठी ही यातायात करण्याची आवश्यकता नाही, कारण प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर नमुन्याची काही पाने मोफत पाहायला मिळतात आणि बरीचशी तपासणी त्यांवर होते. परदेशी प्रकाशकांच्या पुष्कळ पुस्तकांच्या, केवळ भारतीय उपखंडात विकण्यासाठी काढलेल्या स्वस्त आवृत्त्या असतात. मूळ आवृत्तीची किंमत पाहून दचकण्यापूर्वी ती आहे का हे विचारावे.

झेरॉक्स प्रतीचा मोह अनेकांना होतो. कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी तारांच्या जोडणीच्या आकृत्या रंगांवर अवलंबून असतात, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत लाल, हिरवी आणि पिवळी तार एकसारखीच दिसते. मूळ पुस्तकही एकरंगी छापलेले असेल तर त्यात चित्रांसोबत चिन्हांच्या रेखाकृती, म्हणजे सर्किट डायग्राम, आहेत का ते पाहावे.

पुस्तकातील प्रोग्रॅम इंटरनेटवर ठेवलेले आहेत असे छापलेले असल्यास तो पत्ता पैसे देण्याआधी मोबाइलवर उघडून पाहावा. पत्ता चालतो का, चुकांची दुरुस्ती तेथे नोंदवली आहे का, आणि ती शेवटची केव्हा केली, यावरून लेखक अजून आपल्या पुस्तकाची काळजी घेतो की नाही ते समजते.

पुस्तक घरी आल्यावर

बोर्ड यायचा असेल तर थांबून राहू नये. टिंकरकॅड आणि वोकवी या संकेतस्थळांवर उनो पडद्यावरच जोडता येतो आणि प्रोग्रॅम चालवून पाहता येतो. वोकवीवर ईएसपी३२ आणि पिकोही आहेत. पहिली तीन-चार प्रकरणे त्यावर निभतात. प्रत्यक्ष बोर्ड आल्यावर संगणकाला तो दिसला नाही, तर पुस्तकाला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते आणि काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तसेच मोबाइलच्या काही केबली केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांतून माहिती जात नाही.

प्रत्येक उदाहरण स्वतः टाइप करावे आणि चालल्यावर त्यातील एक गोष्ट बदलून काय होते ते पाहावे. प्रकरण दोनदा वाचून आणि प्रयोग करूनही कळले नाही तर पुढे जावे व त्या पानावर खूण ठेवावी. इंटरप्टचे प्रकरण पहिल्या वाचनात फार थोड्या लोकांना कळते. बाणे मोजू पाहणाऱ्याने पहिली मोजणी मागावर न करता टेबलावर बटणाने करावी, कारण मागावर बसवायचे प्रॉक्सिमिटी (जवळ आलेली वस्तू ओळखणारे) सेन्सर बहुधा १० ते ३० व्होल्टवर चालतात आणि त्यांचा संकेत चिपपर्यंत आणण्यासाठी मध्ये ऑप्टोकप्लर (प्रकाशाच्या साहाय्याने संकेत पुढे देणारा भाग) लागतो. तो पहिल्या पुस्तकात असेलच असे नाही.

दुसरे पुस्तक घेण्याची वेळ केव्हा येते, हेही पुष्कळजण विचारतात. पहिल्या पुस्तकातील टायमरचे प्रकरण संपवल्यावर निर्मात्याने मोफत दिलेली आपल्या चिपची डेटाशीट, म्हणजे तांत्रिक माहितीपुस्तिका, उतरवून घ्यावी आणि तीमधील टायमरचेच प्रकरण काढावे. ही बरेचदा शेकडो पानांची असते आणि ती पहिल्यापासून वाचण्यासाठी नसते. पुस्तकात भेटलेली रजिस्टरांची नावे तेथे ओळखू आली आणि एकेका बिटाचा तक्ता वाचता आला, तर दुसऱ्या पुस्तकावरचे पैसे तूर्त वाचले. त्या पैशांत एक मल्टिमीटर येतो. तक्ता वाचता आला नाही, तर बिटांच्या क्रियांचे प्रकरण पुन्हा काढावे आणि त्यानंतरही अडल्यास त्या चिपच्या रजिस्टरांवर भर देणारे दुसरे पुस्तक, वरच्याच पायऱ्यांनी तपासून, घ्यावे.